पंधरा नंबरचा बैल

म्हशाच्या यात्रेतल्या बैलबाजारासाठी मी वेबसाइट बनवली, तेव्हा गावभर मिरवलो होतो. दावणीला जो नंबर, तोच मोबाइलवर. फोटो, दात किती, खोड काय, सगळं एका पानावर. मालकाने खोड आधीच सांगून टाकायची, ही बाजाराची जुनी रीत. मी ती फोनमध्ये घातली, एवढंच. तरी अक्कल सगळी माझीच, असं मला वाटत होतं.

बाबांना नांगराला बैल हवा होता. चौदा नंबरचं पान मीच त्यांना उघडून दिलं. ‘गरीब आहे, पोरही धरेल.’ तो त्यांना अंगाने लहान वाटला, म्हणून त्यांनी ‘पुढचा’ दाबलं. वर आकडा पंधरा झाला, फोटोही पंधराचा आला. खाली मात्र चौदाचंच ‘गरीब आहे’ तसंच राहिलं.

‘पुढचा’ दाबलं की पानाच्या वेब-पत्त्यातला आकडा बदलतो, तरी असलं पान नव्याने उघडत नाही, तेच पुढे चालू राहतं. आकडा आणि फोटो थेट पत्त्यावरून येत होते, पण खोडीची माहिती आणायचं काम मी पान उघडताना एकदाच होईल, असं लिहिलं होतं. आकडा बदलला की पुन्हा आण, हे सांगायलाच विसरलो. तपासताना प्रत्येक बैल यादीतून उघडून बघितला, ‘पुढचा’ एकदाही दाबला नाही. शुद्ध गाढवपणा.

पंधराचा मालक वैरण आणायला गेला होता. दात बघायला बाबा थेट बैलाच्या तोंडापाशी गेले. जबड्याला हात लावला आणि बैलाने मान झटकली. शिंग गालातून घुसून डोळ्यापर्यंत गेलं. त्याने त्यांना तसंच उचलून आपटलं आणि वरून छातीवर डोकं घातलं. बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला. लोक काठ्या घेऊन तुटून पडले. बैलाच्या नाकातून रक्त आलं, तेव्हा कुठे तो हटला.

मालक धावत आला आणि त्याने माझी गचांडी धरली. “मारका हाय म्हणून सांगितलं व्हतं ना तुला? लिवलं का नाय?”

मी पान नव्याने उघडून दाखवलं. लाल अक्षरांत ‘मारका’ होतं. त्याने फोन भिरकावला आणि काठी माझ्या पाठीत घातली. मग दुसरी, तिसरी. मी हात वर केला नाही. मला अजून हवी होती.

बाबांचा डोळा काढावा लागला. दवाखान्याच्या बाकावर बसून मी चूक दुरुस्त केली. एक ओळ. लॅपटॉप फरशीवर आपटावासा वाटला आणि मी तो आपटला.

चौथ्या दिवशी बाबा बोलायला लागले. मी त्यांना सगळं सांगितलं, चूक बैलाची नाही, माझी आहे. त्यांनी उरलेला डोळा माझ्याकडे वळवला.

“मारका बैल मी नजरेवरून वळखतो रे. जन्म गेला त्यात. या टायमाला त्याच्याकडं बघितलंच नाय. तू लिवलेलं व्हतं ना.”