न मारणारं इंजेक्शन

दुष्काळात पाणी सोडून सगळं साठतं. पाटोद्याजवळ आमच्या दूध सोसायटीची चारा छावणी होती आणि तिथं मी जनावरांची डॉक्टर. एकच उन्हाळा काढला, पण किस्से पोतंभर!

पहिल्याच आठवड्यात कोंडाबाईची गाय तापली. टेट्रासायक्लिनचं इंजेक्शन भरताना मी म्हणाले, "मावशी, हे जंतूंना मारत नाही. त्यांची वाढ थांबवतं. थांबलेल्या जंतूंना मग गाईचं अंगच संपवतं."

कंपाउंडर श्रीपती गाय धरून उभा होता. म्हणाला, "म्हंजे जंतू हजेरीवर हायत, फक्त काम बंद. आपल्या सोसायटीवानीच की!"

*

ते चेअरमनसाहेबांच्या कानावर गेलं. तणतणत आले. "न मारनारं औषध कावून आनलं?"

मी अर्धा तास समजावलं. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी छावणी बघायला अधिकारी आले, तर साहेबांनी भाषणात ठणकावलं, "आमच्या छावनीत जंतूवर बी अन्याय हुत न्हाई!"

टाळ्या पडल्या हो!

*

सुदामच्या बैलाला पाच इंजेक्शनं सांगितली होती. दोन झाल्यावर बैल वैरण खायला लागला, मग सुदाम फिरकलाच नाही. चार दिवसांनी बैल पुन्हा तापला, तेव्हा भांडायला आला.

"तुमी तर म्हनला जंतू थांबले!"

मी तोंड उघडायच्या आत श्रीपती म्हणाला, "यष्टी थांबली म्हंजे बंद पडली का बे?"

*

कोंडाबाईची गाय मात्र पाचही इंजेक्शनं होऊन उठेना. जंतू थांबले होते, पण त्यांना संपवायला अंगात होतं काय? नुसत्या बरगड्या! मी चिठ्ठीवर लिहिलं, 'पेंड, रोज दोन किलो.'

चेअरमन उखडले. "औषध पायजे तेवढं न्या मॅडम, पेंड मागू नका!"

कोंडाबाई ऑफिसच्या दारात बसली. "मंग त्येच इंजेक्शन तिच्या भुकंला बी द्या सायेब. ती बी थांबंल."

दुपारी पेंड आली. आठवड्यानं गाय उठली. कोंडाबाई तिच्या मानेला मिठी मारून रडली, आणि मला उगाचच थर्मामीटर पुसावासा वाटला.

*

औषध चालू असलेल्या जनावराचं दूध ओतून द्यायचं, हा माझा नियम. औषध दुधात उतरतं, त्यात विरजणसुद्धा वाढत नाही. शेवटच्या महिन्यात एका दुभत्या जर्सीला इंजेक्शनं सुरू केली. चेअरमन म्हणाले, "कुनावर भरवसा न्हाई. दूध मी सोता नेऊन ओततो." रोज किटली भरून न्यायचे. मला फार कौतुक वाटलं!

चौथ्या दिवशी सकाळी त्यांच्या मंडळी पातेलं घेऊन थेट दवाखान्यात. साहेब तिथंच बसलेले.

"मॅडम, तीनदा विरजन बदललं, पर दही लागंना. कावून?"

मी पातेल्यात बघितलं. मग साहेबांकडं बघितलं.

साहेब घाईघाईनं उठले. "आगं दुष्काळ हाय! दह्यानं तरी किती लागावं?"