तडीपारीचा साक्षीदार

सुट्टीत भाचे-पुतणे जमले की मला सायकलींचा किस्सा सांगावा लागतो. त्यात मी घाबरतो, सायकली माझ्या अंगावर पडतात, सगळे हसतात. पण किस्सा जिथे संपतो, तिथून पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला माझं काय ठाऊक नाही? घोरण्याचे प्रकारदेखील पाठ आहेत. तुम्हाला सांगतोय. आजच का, ते मलाही नीट —

असो. आधी किस्साच सांगतो. तेवढाच धीर येतो.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. नगरात माझं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. वय तीस, पण टक्कल लवकर पडल्यामुळे सगळी गल्ली मला आप्पा म्हणायची. त्या वर्षी शहराला काय झालं होतं कोण जाणे! दर चार-आठ दिवसांनी कुठेतरी सुरा निघायचा. कधी नळावर, कधी सिनेमाच्या रांगेत. लोक म्हणायचे, दुष्काळानं माणसं पिसाळलीत. मला तसं वाटत नाही. पिसाळलेली माणसं आरडाओरडा करतात. आमच्या गल्लीतला बबन कधी आवाज चढवायचा नाही. कडक इस्त्रीचा सदरा, केसाला तेल, बोलणं अगदी मऊ.

एका दुपारी समोरच्या चहावाल्यानं त्याला म्हटलं, "बाकडं अडवून बसू नका, गिऱ्हाईक उभंय." बबन उठला. हसला. आणि त्यानं चहावाल्याच्या पोटात सुरा घातला. रस्त्याच्या अलीकडून मी पाहिलं — सगळं पाहिलं. मग मी सायकलींच्या रांगेमागे घुसलो, पहिलीला धक्का लागला आणि सगळी रांग माझ्यावर आली. लोकांनी बाहेर ओढलं तेव्हा कपाळावर पेडलचा ठसा होता.

इथे पोरं हसतात. इथे किस्सा संपतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबन माझ्या दुकानात आला. सायकल मागितली. माझ्या कपाळाकडे बघत म्हणाला, "आप्पा, काल लागलं म्हणं तुम्हाला. जपा. डोळ्याला लागलं असतं मंग?" आणि घंटी वाजवत गेला. मी काय केलं? मी हसलो. त्या दिवसापासून दुकानापुढे कुणाची घंटी वाजली की मी हातातलं काम टाकून आधी रस्त्याकडे बघायचो. सायकलीच्या दुकानात घंट्या किती वाजतात, कल्पना करा.

चहावाला वाचला. दवाखान्यात त्यानं सांगितलं, मारणारा दिसला नाही. त्याला दोष कोण देणार? मी तर नाहीच.

मग पोलिसांनी मोहीम काढली. गल्लोगल्ली सभा घेतल्या. आमच्या सभेत, 'भीती सोडून नागरिकांनी पुढे आलं पाहिजे' असं टाळ्यांचं भाषण कुणी ठोकलं असेल? मीच! बबन तेव्हा कामानिमित्त सुप्याला गेला होता, ही खात्री करूनच उभा राहिलो होतो. भाषणाचं फळ म्हणून फौजदारसाहेबांनी मला चौकीवर बोलावलं. म्हणाले, दहशत बसवणाऱ्यांना जिल्ह्याबाहेर काढायचंय. उघड साक्ष द्यायला कुणी धजत नाही, म्हणून जबाब गुप्त घेतोय. तुमचं नाव कधीच फुटणार नाही. बोला — तुमच्या गल्लीत दहशत कुणाची?

साधा प्रश्न होता. उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण दारातल्या हवालदाराला मी बबनबरोबर पान खाताना पाहिलं होतं. नाव फुटणार नाही म्हणजे — कुणाकडून?

आणि तरी गप्प बसता आलं असतं. हे मला पक्कं आठवतं. 'मला माहीत नाही' म्हणून उठता आलं असतं. पण भाषणवाल्या माणसानं रिकाम्या हातानं कसं उठायचं?

मी दगडूचं नाव घेतलं.

दगडू हातगाडी ओढायचा. रेड्यासारखा देह, कानठळ्या बसवणारा आवाज, बाजारातल्या मारामारीचे दोन जुने गुन्हे नावावर. कागदावर तो शोभून दिसत होता. पण माणूस कसा? माझ्या दुकानाचा पत्रा उडाला तेव्हा न बोलावता येऊन ठोकून गेलेला. मला त्याची भीती वाटत नव्हती, आणि म्हणूनच — कळतंय ना तुम्हाला? — ज्याची भीती वाटत नव्हती, त्याच्या भीतीनं मला दुकान लवकर बंद करावं लागतं, असं मी लिहून दिलं. सही केली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटलं.

दगडू दोन वर्षांसाठी तडीपार झाला. कर्जतच्या पलीकडे, जिल्ह्याची हद्द ओलांडून, सोलापूरकडच्या एका गावात जाऊन राहिला.

त्याची बायको, सखूबाई, माझ्याकडे आली. अर्ज लिहून घ्यायला. गल्लीत माझं अक्षर चांगलं ना! महिन्याच्या आत मुंबईला अपील करता येतं, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. दुकानाच्या पायरीवर बसून ती म्हणाली, "लिवा भाऊ, कुनीतरी खोटं सांगितलंय. त्येनं एकदा आमच्या डोळ्याला डोळा भिडवावा म्हनावं. सासूबाई हातरुनावर हायेत. लेकाचं तोंड बघितल्याबिगर त्यांचा जीव जायचा न्हाई."

मी लिहिलं. 'कोणा अज्ञात इसमाने खोटा जबाब दिला आहे.' तिनं अंगठा उठवला. टपालात मी टाकतो म्हणालो.

टाकला नाही. अपील चाललं तर जबाब उघडतील, कुणीतरी नाव वाचेल... पंक्चर काढायच्या घमेल्यात तो कागद बुडवला. दुष्काळात ते पाणी आठवडा-आठवडा बदलत नव्हतो. इतकं काळं होतं की शाई सुटलेली दिसलीसुद्धा नाही. सखूबाई विचारायची, "उत्तर आलं का वो भाऊ?" मी सांगायचो, सरकारी काम, वेळ लागतो.

म्हातारी पावसाळ्याआधी गेली. दगडूला यायची परवानगी मिळेपर्यंत पुतण्यानं अग्नी दिलाही होता. आणि त्याच वर्षी दिवाळीत बबननं आणखी एकाला भोसकलं. तो माणूस वाचला नाही. केडगावचा होता. नाव मी विचारलं नाही.

चौकीवर भीती होती, हे खरं. घमेल्यापाशी कुणी नव्हतं. मी एकटा होतो.

दगडू परत आला तो वाळून, आणि हळू बोलायला लागलेला. पुढे मुलीच्या लग्नात त्यानं मला पहिल्या पाटावर बसवलं. सोयऱ्यांना सांगितलं, "समदी गल्ली गप हुती. ह्या एकट्या मानसानं माज्यासाठी सरकारला लिवलं." आणि स्वतःच्या हातानं मला फेटा बांधायला लागला.

मी डोकं पुढे केलं. पंगत उठेपर्यंत फेटा उतरवला नाही.