शेवटचा नियम

दूर उत्तरेतल्या बर्फाळ स्टोन नॅरोजच्या अख्ख्या वस्तीला एकच उपग्रह डिश, आणि तिच्यातून येणारं इंटरनेट घरोघरी वाटून द्यायचं काम व्हर्ना मोनायसकडे. वाटणाऱ्या बाईला कोण भलं म्हणणार? हॉकीचा सामना अडकला की पोरंटोरंसुद्धा तिच्या नावानं खडे फोडायची.

थोरला भाऊ एल्डन तर टोमण्याशिवाय बोलतच नसे.

"व्हर्ने, इंटरनेटला मर्यादा घालण्यापेक्षा माझे पायच बांध ना!"

"दवाखान्याला वाटा नको का, दादा?"

"हवा की. पण मी कुठं आजारी आहे?"

दवाखान्यातली नर्स याच लाइनवरून विनिपेगच्या डॉक्टरांना रुग्ण दाखवायची. म्हणून कुणाला किती इंटरनेट सोडायचं ते ठरवणाऱ्या फायरवॉलच्या नियमांत व्हर्नानं दवाखान्याचा राखीव वाटा सगळ्यांत वर लिहिला आणि गावाची सरसकट मर्यादा त्याखाली. गावजेवणात म्हाताऱ्यांची ताटं आधी जातात. त्या पंगतीत वाढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? सकाळी रिकाम्या लाइनवर तिनं तपासून पाहिलं. चित्र स्वच्छ होतं. ती निर्धास्त झाली.

हॉकीच्या अंतिम सामन्याच्या संध्याकाळी घरोघरी सामना लागलेला असताना एल्डन खुर्चीतून कोलमडला. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय रुग्णाला न्यायचं विमान निघणार नव्हतं, आणि दवाखान्याच्या पडद्यावर डॉक्टरांचा चेहरा थिजून बसलेला.

"व्हर्ना, काहीतरी कर ग!" नर्स फोनवर ओरडली.

व्हर्नानं नियम उघडले आणि चूक तिला दिसली. ही फायरवॉल सगळे नियम वाचते आणि जुळणाऱ्यांतला शेवटचा पाळते. हे तिला तोंडपाठ होतं, तरी हातानं पंगतीचीच रीत लिहिली होती. खालच्या सरसकट मर्यादेनं दवाखान्यालाही हॉकीच्या गर्दीत ढकललं होतं. तिनं दवाखान्याची ओळ उचलून तळाशी ठेवली, नियम पुन्हा चढवले. डॉक्टरांचा चेहरा हलला. विमान आलं, एल्डन वाचला. पण व्हायचा तो उशीर झालाच होता.

बर्फ वितळल्यावर तो घरी परतला. गावजेवणात पहिलं ताट त्याच्यापुढे आलं. व्हर्ना त्याला भरवायला बसली. लोक डिशला दोष देत होते; ते तिला सहन होईना.

"दादा, डिश नव्हती रे. चूक माझी होती."

एल्डननं घास गिळला. एकेक शब्द जुळवायला त्याला फार वेळ लागला.

"व्हर्ने... आता... मलाही... मर्यादा... घातलीस होय?"

आणि तो हसला, अर्ध्याच तोंडानं. व्हर्ना उरलेल्या अर्ध्याकडे बघत भर पंगतीत रडली.