भिंगरी मॅडम आणि रिकामा सिलिंडर

भिंगरी मॅडमना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चहासुद्धा त्या चालता चालता प्यायच्या आणि अर्धा कप कुठल्या तरी खिडकीत विसरायच्या. बडोद्याच्या आमच्या हॉस्पिटलात अत्यवस्थ पेशंटला एका जागेहून दुसरीकडे सुखरूप कसं न्यायचं, हे त्या आम्हा नव्या नर्सना शिकवत. आडनाव वेगळंच होतं, पण पायाला भिंगरी लागलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? तोंडावर अर्थात नुसतंच 'मॅडम'.

ट्रॉलीवर रबरी पुतळा, त्याला सलाइन, मॉनिटर, ऑक्सिजन सगळं लावलेलं, आणि आम्ही तो आयसीयूतून स्कॅनला न्यायचा. पुतळ्याचे नातेवाईक मॅडम स्वतः व्हायच्या. ट्रॉलीचा कठडा धरून गळा काढायच्या, "मारा बापाने क्यां लई जाओ छो?" माझ्या बापाला कुठे नेताय, म्हणून. आम्ही हसलो की लगेच मराठीत डाफरायच्या, "हसताय काय? तिकडे नळी चाकात अडकलीय."

खोड्या काढण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. मॉनिटरची वायर सैल करून ठेवत, आणि सामानात हमखास एक रिकामा सिलिंडर. निघण्यापूर्वी काटा न बघणाऱ्या पोरीची मग धडगत नसे. "पुतळा मेला गं तुझा. जा, त्याच्या घरी सांगून ये," म्हणत.

एकदा सराव अर्ध्यावर असताना खालून बोलावणं आलं आणि मॅडम नेहमीसारख्या पळाल्या. तेवढ्यात वॉर्डाला ट्रॉली हवी होती. दारातली आमची ट्रॉली गेली, आणि तिच्याबरोबर तो रिकामा सिलिंडरही. शहरातल्या पाणीगेट भागातले एक काका न्यूमोनियाने बेजार होते, त्यांना तिच्यावरून नेत होते. पॅसेजमध्ये मॉनिटर ओरडायला लागला. मी आणि मॅडम एकदमच पोचलो. काकांचे ओठ निळे पडले होते. मॅडमनी सिलिंडरकडे एकदाच पाहिलं, आयसीयूकडे धावल्या आणि भरलेला सिलिंडर ओढत आल्या. काका वाचले. मॅडमनी त्याच दिवशी वरिष्ठांपुढे आपली चूक कबूल केली, पण जेवण काही त्यांना जाईना.

घरी जायच्या दिवशी काकांनी त्यांच्यापुढे लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा तो ओलसर चिवडा, त्याचा पुडा धरला. मॅडमनी तो घेतला नाही. "काका, ए भूल मारी हती," ती चूक माझी होती, असं म्हणाल्या, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता हे तक्रार करणार आणि बाईंची नोकरी जाणार. काकांनी पुडा खाली ठेवला. मग म्हणाले, "बेन, बधा दोडता हता. पण मारी सामे कोई जोतुं नहोतुं." सगळे धावत होते, पण आपल्याकडे कुणी बघत नव्हतं, एवढंच त्यांचं गाऱ्हाणं.

ते वाक्य मॅडमच्या मनातून जाईना. सरावाच्या सिलिंडरला लाल पट्टा आला, आणि एक नवा नियमही. एकीने कशालाच हात लावायचा नाही, उशाशी राहून पेशंटच्या तोंडाकडे बघत त्याच्याशी बोलत चालायचं. पुतळ्याशी बोलायची आम्हाला लाज वाटे. म्हणून पुतळा हटवून मॅडम स्वतःच ट्रॉलीवर आडव्या होऊ लागल्या. पण त्यांना पडून राहवतंय कुठे? चादरीखाली पायाची बोटं सारखी हलत असायची.

निवृत्तीच्या दिवशीही त्यांनी सराव घेतला. दुसऱ्या दिवसापासून वर्ग माझ्याकडे येणार होता, आणि समा भागातल्या त्यांच्या घरी त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं. उशाशी मी होते. ट्रॉली निघाली, लिफ्ट आली, पुन्हा पॅसेज लागला, तरी मला एक शब्द सुचेना. इतकी वर्षं त्यांच्या मागे धावले, पण त्यांचा चेहरा इतक्या जवळून कधी पाहिलाच नव्हता. किती थकल्या होत्या मॅडम.

"अगं, बोल ना काहीतरी," डोळे मिटून त्या म्हणाल्या. "भीती वाटते गं."

ते सरावातलं होतं की खरं, हे मी विचारलं नाही. मी बोलायला लागले.