रिकामे डबे परत कसे द्यायचे

मी पॅकेजिंग डिझायनर आहे असं सांगितलं की शिरूरमध्ये लोक विचारतात, "म्हंजी फ्लेक्स का?" मी आता सरळ हो म्हणते. चिवड्याच्या पाकिटावर, अगरबत्तीच्या पुड्यावर काय दिसावं ते मी घरी बसून ठरवते, हे प्रत्येकाला समजावण्याइतका धीर माझ्यात नाही. धीर ही वस्तू माझ्याकडे मुळातच कमी. दौंडला माहेरी असताना आई म्हणायची, दूध उतू जायच्या आधी ही पोरगी उतू जाते.

गेल्या उन्हाळ्यात माझं काम बंद पडलं. म्हणजे कामं येत होती, माझ्या हातून होत नव्हती. पुण्यातल्या एका गिऱ्हाइकानं फरसाणाच्या एका पाकिटासाठी मला महिनोन्‌महिने घोळवलं होतं. अजून दोन ऑप्शन द्या, जरा फ्रेश वाटू द्या. शेवटी मी सगळ्यात आधी दिलेलंच डिझाइन पास झालं. त्यानंतर कॉम्प्युटरसमोर बसलं की हात जड व्हायचा. रंग भरायचा, काढायचा. अक्षर मोठं करायचं, लहान करायचं. मग कान साफ करायची काडी घेऊन कीबोर्डच्या फटी साफ करत बसायचं. माझ्याइतका स्वच्छ कीबोर्ड तेव्हा अख्ख्या तालुक्यात नसेल.

त्यातच नणंदेचा फोन आला. त्या राहू गावात असतात. त्यांच्या बचत गटातल्या बायका गुळाच्या छोट्या वड्या करून विकतात, आणि पुण्याच्या प्रदर्शनात त्यांना पहिल्यांदाच स्टॉल मिळाला होता. "साध्या पिशवीतला गूळ तिथं कोण घेणार? तू हायेस म्हणून आमी व्हय म्हणलंय," त्या म्हणाल्या. मीही हो म्हणाले आणि फोन ठेवल्याबरोबर कॉम्प्युटरसमोर बसले. ऊस, बैल, हिरवं पान. बाजारातल्या प्रत्येक गुळावर जे असतं तेच माझ्याकडून उतरत होतं, आणि तेही वाईट.

नवऱ्याच्या कंपनीत, रांजणगावला, स्टोअरमध्ये एक जागा निघाली होती. मी ठरवून टाकलं, हे गुळाचं लेबल जमलं नाही तर डिझाइन सोडायचं आणि तिथं चिकटायचं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला बरं वाटेल ते कर." भांडला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं.

आमच्या समोर काकू राहतात. त्यांची शेती इनामगावला, मुलगा पुण्याला आणि लक्ष आमच्या दाराकडं. आमच्या गच्चीवर जयंतीचा निळा झेंडा वर्षभर असतो, त्यांच्या दारात तुळस. दोन घरांमधल्या भाजीच्या डब्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, ते आमच्या लग्नापासून येत-जात होते. माझ्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येईनासा झाला हे काकूंना माझ्या नवऱ्याच्या आधी कळलं. मग त्या न विचारता भाजी पाठवायला लागल्या. आम्ही खायचो, मी डबा घासायची, आणि तो ओट्यावरच राहायचा. कारण आलेला डबा रिकामा परत देत नाहीत. त्यात काहीतरी घालूनच द्यायचा असतो, आणि मी तर खिचडीपलीकडं काही करत नव्हते. असे तीन डबे साठले. शेजारणीचे डबे अडकवून ठेवणारी बाई म्हणून माझी नोंद होणार, हे मला दिसत होतं. तरी उठवत नव्हतं.

एका दुपारी काकू स्वतःच आल्या. "माझं डबं कुठं हायती? आता भाजी काय वंजळीत आणू व्हय?"

"रिकामे कसे देऊ, काकू? घरात काही केलेलंच नाही."

"मग चिमूटभर साखर घाल."

"साखर संपलीय."

"आगं, संसार करतीस का काय करतीस? काय बी घाल. रिकामं भांडं म्या घरात नेणार न्हाई, आन् डबं मला आजच पायजेत." आणि त्या खुर्ची ओढून बसल्या.

मला इतका राग आला की मी समोरचा एक कागद ओढला, त्याच्या पाठकोऱ्या बाजूला पेनानं एक कारलं काढलं, कारण शेवटची भाजी कारल्याची होती, आणि त्या कारल्याला माझ्याच मनःस्थितीचं तोंड काढलं. कागद डब्यात टाकला, झाकण लावलं आणि डबा त्यांच्या हातात दिला. काकूंनी तिथंच उघडून बघितला.

"ही काय, सुसर?"

"कारलं आहे."

"कारल्याला दात कवापासनं आलं?" असं म्हणून काकू हसायला लागल्या, आणि डोळ्यांना पदर लावेपर्यंत हसत राहिल्या. मग मलाही हसू आलं. कित्येक महिन्यांत माझं चित्र बघून कुणी हसलं नव्हतं, रडलं नव्हतं, शिव्याही दिल्या नव्हत्या. फक्त "ओके, नोटेड" एवढंच यायचं.

"आता ह्या दोन्हीत बी घाल कायतरी," काकू म्हणाल्या.

त्यात काय काढावं याचा विचार करत मी दुसरा डबा फडक्यानं पुसत होते आणि बोट त्याच्यावर कोरलेल्या नावावर गेलं. भांड्यांच्या दुकानात मशीननं घालून देतात तसं ते नाव होतं, बारीक बारीक ठिपक्यांचं. कुणातरी पाहुण्यांचं नाव आणि पुढं "यांजकडून सप्रेम भेट". पहिली अक्षरं ऐसपैस, आणि पुढं जागा संपत आल्यावर दाटीवाटीनं कडेला बसवलेली. जन्मभर मी अशा भांड्यांतून जेवत आले, पण ही अक्षरं अशी बघितली नव्हती. मी विकत घेतलेल्या एकाही फॉन्टमध्ये एवढा जीव नव्हता. डब्यावर पातळ कागद धरून मी पेन्सिल घासली, तसे सगळे ठिपके कागदावर उतरले. काकू म्हणाल्या, "पोरगी कामातनं गेली." खरं तर मी कामात परत आले होते.

काकू डबे घेऊन गेल्या तेव्हा दुसऱ्या दोन डब्यांत काय घातलं हे मला आजही आठवत नाही. मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि दिवेलागणीपर्यंत उठले नाही. खाकी कागद, त्यावर ऊस नाही की बैल नाही. फक्त ठिपक्या-ठिपक्यांत "राहूचा गूळ", आणि खाली मोकळी जागा सोडून "यांजकडून". त्या मोकळ्या जागेत, ज्या बाईनं तो पुडा भरला तिनं आपलं नाव लिहायचं.

स्टोअरच्या जागेसाठी मी अर्ज केला नाही. तुमच्यामुळं जमलं असं मी काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे, एका डब्याचं झाकण आलं न्हाई माझ्या." झाकण सापडलं. त्यांचे उपकार मात्र डब्यात मावणारे नाहीत, आणि ते फेडायची मला घाईही नाही. मला त्यांच्या ऋणात राहायला आवडतं. नवऱ्यानं मला ओढून बाहेर काढायचा प्रयत्न केला नाही, त्याबद्दलही आता मी त्याची आभारी आहे. तेव्हा चिडले होते.

लेबलं छापून आली तशी ती घेऊन मी न्हावऱ्यावरून राहूला गेले. नणंदेच्या पडवीत गटातल्या बायका वड्या भरत बसल्या होत्या. पुडे कसे चिकटवायचे ते दाखवलं, पेनं वाटली. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी पेन हातात धरून नुसत्याच बसून राहिल्या.

"कुणाचं घालू?" त्यांनी विचारलं. "मालकांचं?"

"पुडा कुणी भरला?"

"म्या."

"मग तुमचंच."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग नणंदेकडं. घरातल्या कुठल्याही भांड्यावर आपलं नाव नाही, सगळी मालकांच्या आणि दिराच्या नावाची हायती, असं त्या सहज म्हणाल्या, तक्रार म्हणून नाही. मग वाकून, एकेक अक्षर गिरवत त्यांनी नाव लिहिलं. शेवटचं अक्षर जागा न उरल्यानं कडेला दाटून बसलं. पुडा लांब धरून त्यांनी बघितला आणि ढिगात न टाकता मांडीशी ठेवला.

"मावशी, त्यो इकायचाय," नणंद म्हणाल्या.

"दुसरं इका की, ढीगभर हायती," मावशी म्हणाल्या, आणि तो पुडा त्यांनी पदराखाली घेतला.