राखणीला दिलेला शब्द

फोन आला तेव्हा मी ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडत होतो. पाण्याच्या चार मोटारींच्या पेट्या लातूरहून लोह्याला न्यायचं भाडं त्यानं परस्पर वाढवलं होतं. फोन नांदेडहून, सुलभाताईंचा, म्हणजे हणमंते सरांच्या मुलीचा. थांबा ताई, पाच मिनिटांत लावतो, असं म्हणून मी पुन्हा त्याच्यावर ओरडायला लागलो. फोन कानालाच होता. त्या म्हणाल्या, "काका, आधी ऐकून घ्या." मी ऐकून घेतलं. सर पहाटे गेले होते... ट्रान्सपोर्टवाला मागेल ते भाडं घेऊन गेला. माझ्या दुकानात असं कधी झालं नव्हतं.

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या मागेपुढे मी लोह्याहून इथं आलो. जळालेल्या मोटारींना आतली तार नव्यानं गुंडाळून द्यायची, हा माझा धंदा. दुष्काळ होता. विहिरींनी तळ गाठला होता, मोटारी कोरड्या चालून जळत होत्या आणि माझ्याकडं रांग लागायची. नवी कार्यालयं आली, बाहेरचे साहेब आले, मोटारींच्या कंपन्यांची माणसं येऊ लागली. सगळी बोलणी इंग्रजीत. मी सातवी नापास. त्याच सुमाराला नांदेडच्या शाळेतून बदली होऊन हणमंते सर लातूरला आले आणि तेलाच्या घाण्यामागच्या एका खोलीत सकाळी सहाची शिकवणी सुरू केली. कारकून, दुकानदार, एक कंपाउंडर आणि मी असे दहा-बाराजण सतरंजीवर बसायचो.

सरांची पद्धत मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. त्यांच्याकडं जर्द्याचा पत्र्याचा डबा होता. आपण लोक ज्या शब्दांची गल्लत करतो, त्या शब्दांच्या चिठ्ठ्या त्यात असायच्या, जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर लिहिलेल्या. बॉरो आणि लेंड, म्हणजे मागून घेणं आणि दुसऱ्याला वापरायला देणं. ब्रिंग आणि टेक, म्हणजे इकडं आणणं आणि तिकडं नेणं. प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळायची. तो शब्द मग त्याच्या राखणीला. कुणी तो चुकीच्या जागी वापरला की राखणदारानं उठायचं, शब्द सोडवून घ्यायचा आणि बरोबर जागी बसवून दाखवायचा. शेतात जनावर शिरल्यावर आपण उठतो तसं. शिकवणी सोडताना चिठ्ठी डब्यात परत टाकायची, म्हणजे ती पुढच्याला मिळेल.

मला हवा होता प्राइस. प्राइस म्हणजे किंमत, आणि सगळे त्याचं प्राइझ, म्हणजे बक्षीस, करून टाकायचे. किंमत माझ्याइतकी त्या खोलीत कुणाला कळत होती? पण सरांनी तो दिला कलेक्टर ऑफिसातल्या पाटणे नावाच्या कारकुनाला. भाजीवाली सांगेल त्या भावानं वांगी घेणारा हा माणूस. त्याची बायकोसुद्धा त्याला बाजारात पाठवायची नाही. आणि माझ्या हातात आला लिसन. हिअर म्हणजे आवाज कानावर पडणं, त्यासाठी आपल्याला काही करावं लागत नाही. लिसन म्हणजे कान देऊन ऐकणं. खोलीत हसू फुटलं, कारण सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता. कंपाउंडर म्हणाला, "सर, तुम्ही बैलाला नथ घालून राहिले." माझं डोकं फिरलं.

"सर, हे मला नको. बदलून द्या."

"नागनाथ, इथं भाव होत नाही."

"मग दोन द्या. हा ठेवतो, प्राइस बी द्या."

"आधी हा राखून दाखव."

मी राखला, पण रागानं. आणि लिसन राखणं लई कठीण. पाटण्याचा प्राइस आठवड्यातून दोनदा यायचा, माझा शब्द दर पाच मिनिटांनी. आय लिसन रेडिओ, आय लिसन यू... प्रत्येक वेळी मी उठायचो आणि मधला टू बसवायचो. सर म्हणायचे, टू पाहिजेच, कुणाचं तरी ऐकावं लागतं, नुसतं ऐकणं नसतं. चूक पकडायची तर समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत गप्प बसावं लागे. सहा महिने मी रोज सकाळी एक तास गप्प बसलो. घरी बायकोला वाटलं, मला काही झालं.

मग एका मोटार कंपनीचा साहेब नव्या जिल्ह्यासाठी विक्रेता नेमायला आला. तो दक्षिणेकडचा, त्याला मराठी येत नव्हती. लॉजच्या खोलीत आम्ही पाचजण. बाकीचे चौघे दर वाक्याला येस सर म्हणत होते. मला निम्मं कळत नव्हतं, म्हणून मी गप्प होतो. सवयीनं कान देऊन बसलो, आणि ध्यानात आलं की हा माणूस फिरून फिरून एकच गोष्ट विचारतो आहे. दुष्काळात मोटार जळाली तर दुरुस्त कोण करणार? मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, मी करीन, माझ्या हातानं, त्याच दिवशी. विक्रीचं काम मला मिळालं. आजचं माझं दुकान त्या खोलीतून निघालं आहे.

पेढे घेऊन गेलो तेव्हा मात्र सरांना म्हणालो, "हे तुमच्या शब्दानं न्हाई झालं, माझ्या हुनरानं झालं." सर म्हणाले, बरोबर आहे, आणि पेढा खाल्ला. शिकवणी सोडली तेव्हा चिठ्ठीही परत केली नाही. प्राइस द्या, मग हा घ्या, असं सांगून आलो. पुढं सर नांदेडला परतले. मी वर्षातून एकदा जायचो आणि दर वेळी तेच भांडण काढायचो. ते नुसते हसायचे.

शेवटचा गेलो तो दोन महिन्यांपूर्वी. त्यांना अगदी कमी ऐकू येत होतं. मला या वेळी भांडायचं नव्हतं. लॉजमधल्या त्या दिवशी काय झालं ते खरं सांगायचं होतं. मी मोठ्यानं सांगितलं, दोनदा सांगितलं. ते माझ्या तोंडाकडं एकटक बघत राहिले, मध्ये एकदाही बोलले नाहीत. मग माझा हात थोपटला. त्यांना कळलं की नाही, मला समजलं नाही... चहा पिऊन उठलो. ही रुखरुख घेऊनच मी परवा त्यांच्या घरी गेलो, चिठ्ठी खिशात घालून. ती परत करायची ठरवली होती, बदल्यात काही न मागता.

सुलभाताईंनी तो डबा आणला. सगळ्या चिठ्ठ्या होत्या, प्राइससुद्धा, कडा झिजलेली. मी माझी चिठ्ठी पुढं केली आणि माझ्यामुळं एवढी वर्षं हा शब्द कुणाला मिळाला नाही, असं म्हणालो. त्या म्हणाल्या, "मी एकदा म्हटलं होतं बाबांना, लिसनची दुसरी चिठ्ठी करा की. तर म्हणाले, कशाला? तो लातूरला आहे. राखणदार चांगला आहे त्याचा."

चिठ्ठी मी परत खिशात ठेवली. आता ती दुकानात टेबलाच्या काचेखाली आहे. गिऱ्हाईक बोलायला लागलं की माझं बोट त्या जागी जातं आणि त्याचं संपेपर्यंत तिथंच राहतं. मग मी भाव सांगतो. प्राइस पाटण्याला द्यायला नको होता, हे मात्र मी आजही म्हणतो.