देवाकडची फ्लॉपी

कुंभारवाडा गावचा परशू, वेळीपांच्या घरचा कुणबी. बाप रानात लाकडं ओढता ओढता गेला, तेव्हा तो चौथीत होता. आई फुला हिने भात लावलं, कंद खणले, ते डोक्यावरून रामनगरच्या बाजारात नेऊन विकले आणि पोराला शिकवलं. पुढे बेळगावात एका दुकानात राहून परशू कंप्युटर उघडायला आणि उघडलेला परत नीट मिटायलाही शिकला. उघडणारे पुष्कळ असतात हो, मिटताना चार स्क्रू उरत नाहीत ती जात वेगळी.

१९९८ साली गणेशगुडीला झाडमोजणीचा एक प्रकल्प आला, त्यात परशूला नोकरी लागली. पण कच्ची. तीन महिने काम बघू, मग पक्कं करू, असं तिथले मुख्य नायकसाहेब यांनी तोंडावर सांगितलं होतं. फुलेला मात्र त्याने कच्चं-पक्कं काही सांगितलं नाही. "सरकारी हाय काय?" तिने विचारलं. "तसंच समज," हा म्हणाला. पण आईला काय कळत नाही? पोराच्या जेवणावरून तिने ओळखलं, अजून घोडं कुठेतरी अडलंय.

दसऱ्याच्या तोंडावर बेंगळूरहून आठ नवे लॅपटॉप आले. जंगलात हिंडणाऱ्या टोळ्यांनी झाडं मोजायची आणि तिथल्या तिथे मशीनमध्ये भरायची, असा बेत. आता आठ मशीनांत तेच ते आठ वेळा कोण भरत बसणार? परशूची युक्ती अशी, की कचेरीतल्या मोठ्या कंप्युटरवर सगळं एकदा नीट बसवायचं आणि त्याची हुबेहूब नक्कल वायरीतून एकेका लॅपटॉपात ओतायची. लॅपटॉपला वायर जोडायला एक पातळ कार्ड खोचावं लागे, आणि ते कार्ड कसं चालवायचं हे मशीनला सांगणारा ड्रायव्हर कार्डांच्या खोक्यातल्या एका फ्लॉपीत असे.

खंडेनवमीला कचेरीत पूजा झाली. खोकी उघडून सगळी यंत्रं पाटावर मांडली, झेंडू वाहिले. माणसांच्या घरचेही आले होते. फुला नवं लुगडं नेसून आली आणि लेकाच्या यंत्रांना तिने हळदकुंकू असं लावलं, की दोन मशीनांच्या कळा परशूला नंतर सुती फडक्याने पुसाव्या लागल्या.

पूजा उरकली आणि काम सुरू झालं, तर नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. लॅपटॉप सुरू होई, वायर जोडलेली, आणि पडद्यावर एकच ओळ येई, कार्ड सापडत नाही. परशूने वायर बदलली. एका मशीनचं कार्ड दुसऱ्यात घातलं. गेल्या वर्षीच्या जुन्या कार्डांचा ड्रायव्हर घालून पाहिला. मशीनचं आपलं एकच, कार्ड सापडत नाही, कार्ड सापडत नाही. मग त्याने नव्या कार्डांच्या खोक्यातली फ्लॉपी काढायला हात घातला, तर तिची जागा रिकामी.

कचेरी उलटीपालटी केली. शिपाई वासूवर मनातल्या मनात दोनदा संशय घेतला आणि दोनदा स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, कारण वासू पानाची चंचीसुद्धा कुणाची उचलणारा नव्हता. बेंगळूरला फोन लावला. दुकानदार म्हणाला, पोस्टाने पाठवतो, आठवडा-दोन आठवडे लागतील.

नायकसाहेब रागावले नाहीत, आणि तेच वाईट होतं. "परशुराम, सोमवारी टोळ्या दिग्गीच्या रानात निघणार. मशीनं तयार नसली तर मी बेळगावचा माणूस बोलावीन. मग तुला ठेवून मी वरच्यांना काय सांगू?"

शनिवारच्या बसने परशू घरी आला. नवं होतं, म्हणजे नव्या भाताचं पहिलं जेवण, आणि त्या दिवशी घराबाहेर जेवणं फुलेला चाललं नसतं. जेवताना ती आनंदात होती. "आता काय काळजी करू नगस. तुझ्या पहिल्या पिकातला वाटा मी देवाला दिलाय."

"कसलं पीक, आये?"

"ती चपटी निळी वस्तू रं, पूजेच्या दिशी तुझ्या खोक्यातनं उचलल्याली. तशा धा टेबलावर पडल्या हुत्या, म्हटलं एक देवाला गेली तर काय बिघडतंय? नव्या भाताचं पयलं कणीस आपुन देतो न्हाई? तसंच."

परशूचा घास तोंडात तसाच राहिला. टेबलावरच्या दहा कोऱ्या होत्या. खोक्यातली तेवढी एकच भरलेली होती. हे तिला सांगावं की न सांगावं? तिच्या तोंडाकडे पाहून त्याने घास गिळला आणि "बरं केलंस" म्हणाला.

सकाळी तो गावच्या बुधवंताकडे गेला. बुधवंत म्हणजे गावाचं आणि देवाचं बघणारा, तेव्हाचा झिलूआजा. आज्याने सगळं ऐकलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, "दिल्यालं परत घ्यायचं म्हंजे कौल लावाया पायजे."

देवराईत दगडाच्या देवापुढे विड्याच्या पानावर ती फ्लॉपी होती. वर कुंकू, बाजूला कणसं. हात लांबवला तर घेता आली असती, आज्याशिवाय बघणारं कुणी नव्हतं. पण परशू त्याच गावचा होता. हात जोडून तो मागे उभा राहिला.

आज्याने देवाच्या दोन खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. "बा देवा म्हाराजा, फुलेनं दिल्याला वाटा लेकाला माघारी देशील काय?"

"व्हय म्हाराजा," परशू पुटपुटला.

डावी पाकळी पडली.

नोकरी गेली, हे परशूला तिथेच दिसलं. त्याहून वाईट म्हणजे आईला कधीतरी कळेल, की ती तिच्या हाताने गेली.

झिलूआज्याने पडलेली पाकळी उचलली. मग त्याने विचारलं, "ती वस्तू वापरली की संपती काय रं?"

"न्हाई आज्या. तिच्यातलं उतरून घ्यायचं. ती हाय तशी ऱ्हाती."

"मग मागायचं येगळं हुतं की!" आज्याने पाकळ्या पुन्हा चिकटवल्या. "म्हाराजा, चुकलं आमचं. वाटा तुझाच. आमी बियाणं तेवढं नेतो, वाटा परत तुझ्या पायाशी आणून ठेवतो. भाताचं न्हाई का, तुला बी देतो आनि कणगीत बी ठेवतो?"

उजवी पाकळी पडली. इतकी झटकन, की आजासुद्धा हसला.

"आज्या, आयेला सांगू नगस."

"ह्या तोंडातनं न्हाई जायाचं. पळ तू."

लाकडाच्या लॉरीत बसून परशू दुपारी गणेशगुडीला पोचला. फ्लॉपीच्या पत्र्यावर तेल होतं, ते त्याने सदऱ्याच्या टोकाने पुसलं. पहिल्यांदा मशीन कुरकुरलं, दुसऱ्यांदा वाचलं. त्याने आधी दोन नकला काढल्या, मग ड्रायव्हर घातला, आणि कार्डावरचा हिरवा दिवा लुकलुकला. त्या दिव्याला परशूने मनापासून नमस्कार केला. दिवेलागणीपर्यंत आठही लॅपटॉप एकसारखे बोलू लागले होते. सोमवारी टोळ्या दिग्गीला गेल्या. नायकसाहेबांनी कागद वर पाठवला आणि म्हणाले, "पक्कं झालं समज."

पुढच्या शनिवारी परशू फ्लॉपी सदऱ्याच्या खिशात घालून आला. आधी झिलूआज्याबरोबर देवराईत जाऊन ती पानावर ठेवली, मगच घरी गेला. नोकरी पक्की झाली म्हणताच फुला त्याला हाताला धरून परत देवराईत घेऊन गेली, नारळ फोडायला.

"बघ," ती फ्लॉपीकडे बोट करून म्हणाली. "वाटा दिला म्हणून देवानं नोकरी राखली. मी न्हाई म्हणलं हुतं?"

परशूच्या जिभेवर सगळी हकिकत आली होती. पण कंदाच्या मातीने काळी पडलेली तिची नखं त्याला दिसली, आणि त्याला वाटलं, खोटं काय आहे यात? ही नसती तर मी कुठे असतो?

"व्हय आये. तुझ्यामुळंच ऱ्हायली," तो म्हणाला आणि वाकून त्याने तिच्या पायांना हात लावला.

"आधी देवाच्या रं, येड्या!" फुला ओरडली.

परशूने काही पाय सोडले नाहीत.